चंद्रकांत मणी पहिल्यांदा घेताना: नागपूरकर नवख्यांसाठी मार्गदर्शन

ज्यांच्या स्वयंपाकघरात गुलाबी ग्रॅनाइटचा ओटा आहे, त्यांनी चंद्रकांत मण्याचा जवळचा भाऊबंद रोज पाहिलेला असतो. ओट्याच्या दगडात जे गुलाबी, चपटे आणि विशिष्ट कोनातूनच चकाकणारे दाणे दिसतात, ते फेल्डस्पार या खनिजाचे असतात. आणि ज्याला बाजारात मूनस्टोन व संस्कृत काव्यात चंद्रकांत म्हणतात, तो खडाही फेल्डस्पारच आहे. पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग याच खनिजकुळाने व्यापलेला आहे. इतक्या सर्वसाधारण खनिजाचा एखादाच तुकडा आतून चांदणे सांडल्यासारखा का उजळतो, हे समजून घेतल्याशिवाय तो विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण या खड्याच्या बाबतीत ग्राहक किमतीपेक्षा नावामुळे अधिक फसतो.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी नागपुरातच भरलेल्या एका प्रदर्शनात मी निळसर झाकेचा एक टपोरा 'मूनस्टोन' मोठ्या हौसेने घेतला आणि तो चांदीत बसवूनही घेतला. पुढे भिंगाखाली पाहिल्यावर त्यात सोड्याच्या बाटलीत असावेत तसे गोल बुडबुडे दिसले आणि तो काचेचा तुकडा असल्याचे कळले. विक्रेत्याला दोष देण्यापूर्वी हेही कबूल केले पाहिजे, की मी त्याला एकही नेमका प्रश्न विचारला नव्हता. पुढील पायऱ्या अशाच नवख्या ग्राहकासाठी लिहिल्या आहेत.

पायरी पहिली: नावांचा गुंता सोडवणे

इतवारीच्या सराफ्यात असो, सीताबर्डीवर असो किंवा घरबसल्या मोबाइलवर असो, 'मूनस्टोन दाखवा' म्हटल्यावर एकाच ट्रेमध्ये तीन वेगवेगळे पदार्थ समोर येऊ शकतात. पहिला म्हणजे खरा मूनस्टोन. हा ऑर्थोक्लेज या पोटॅशियमयुक्त आणि अल्बाइट या सोडियमयुक्त फेल्डस्पारच्या एकावर एक बसलेल्या अतिसूक्ष्म थरांचा बनलेला असतो. त्याचे अंग रंगहीन, दुधी, राखाडी, पीच, फिकट हिरवे किंवा तपकिरी असू शकते. मात्र त्यावरून सरकणारी झाक पांढरी किंवा निळी असते.

दुसरा म्हणजे 'रेनबो मूनस्टोन'. यात निळ्यासोबत हिरव्या, पिवळ्या, क्वचित जांभळ्या रंगाचे पट्टेही चमकतात. हा नैसर्गिक आणि देखणा खडा आहे, त्यामुळे त्याला नकली म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु खनिजशास्त्राच्या दृष्टीने तो सोडियम व कॅल्शियम असलेल्या फेल्डस्पारचा, म्हणजे लॅब्राडोराइटचा प्रकार आहे. मूनस्टोनशी त्याचे नाते चुलतभावाचे आहे, सख्ख्या भावाचे नाही. तो आवडला तर जरूर घ्यावा, मात्र लॅब्राडोराइट म्हणून आणि लॅब्राडोराइटच्याच किमतीला घ्यावा.

तिसरा पदार्थ म्हणजे 'ओपलाइट' या भारदस्त नावाने विकली जाणारी दुधी काच. माझ्या अंगठीत बसली होती ती हीच. याखेरीज दुधी क्वार्ट्झ, त्याचाच अतिसूक्ष्म कणांचा प्रकार असलेली दुधी कॅल्सेडनी आणि कारखान्यात तयार केलेले स्पिनेल हे वेगळेच रत्नखनिजही मूनस्टोन म्हणून खपवले जाते.

आणखी एक गैरसमज दूर करतो. मंदिरात गाभाऱ्याच्या किंवा मंडपाच्या उंबरठ्यापुढे जी अर्धवर्तुळाकार कोरीव पायरी असते, तिला आपल्याकडे चंद्रशिला म्हणतात आणि श्रीलंकेतील अनुराधपूर येथील तशाच पायऱ्यांना इंग्रजीत मूनस्टोन म्हणतात. आंतरजालावर शोध घेताना ही छायाचित्रे मध्येच दिसू लागतात; या खड्याशी त्यांचा नावापलीकडे संबंध नाही.

खड्याच्या जन्मस्थानाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. खनिजशास्त्रात या प्रकाराला ॲड्युलरिया हे नाव स्वित्झर्लंडमधील अडुला पर्वतावरून मिळाले आणि झाकेला ॲड्युलरेसन्स हा शब्दही तेथूनच रूढ झाला. रंगहीन अंगावर गडद निळी झाक असलेल्या खड्यांसाठी श्रीलंकेतील मीटियागोडा आणि म्यानमार यांची ख्याती आहे. भारतात तमिळनाडूतील कांगेयम परिसर मूनस्टोनसाठी ओळखला जातो. नागपुरात भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आहे, सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे, आणि मनसर-कांद्रीच्या मँगनीजमुळे या जिल्ह्याचे नाव खाणकामात दूरवर गेले आहे; तरीही येथील दुकानांत दिसणारा मूनस्टोन बाहेरूनच येतो. रंगीत खडे घासण्याचे देशातील मोठे केंद्र जयपूर आहे. तेव्हा 'आपल्याच भागातला आहे' असे कोणी सांगितले, तर त्या बोलण्याला फारसे वजन देऊ नये.

पायरी दुसरी: झाक कशी निर्माण होते, हे समजून घेणे

ही पायरी अनेकांना अभ्यासासारखी वाटेल, पण पुढच्या सर्व परीक्षा हिच्यावरच उभ्या आहेत. जमिनीच्या पोटात अतिशय उष्ण अवस्थेत पोटॅशियमचे आणि सोडियमचे फेल्डस्पार एकमेकांत मिसळून एकजीव असतात. खडक सावकाश थंड होत गेला की त्यांना एकत्र राहणे जमेनासे होते आणि स्फटिक घट्टच असताना त्याच्या आतल्या आत ती दोन्ही द्रव्ये वेगवेगळ्या थरांत विभागली जातात. चिरोटा मोडल्यावर त्याचे पापुद्रे दिसतात, त्या रचनेची येथे आठवण ठेवावी. फरक इतकाच की मूनस्टोनचे पापुद्रे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाचे, म्हणजे डोळ्यांना सुटे दिसणार नाहीत इतके पातळ असतात. खड्यात शिरलेला प्रकाश या थरांवरून विखुरतो आणि आपल्याला पृष्ठभागाच्या थोडे खाली, हवेत तरंगल्यासारखे तेज दिसते. थर फार पातळ असतील तर निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि झाक निळी दिसते. थर जाड असतील तर सर्वच रंग विखुरतात आणि झाक पांढरी होते.

यातून ग्राहकाच्या उपयोगाचा एक मोठा निष्कर्ष निघतो. थर एका ठरावीक दिशेने रचलेले असल्यामुळे झाकही ठरावीक कोनातूनच दिसली पाहिजे आणि खडा फिरवताच ती सरकली किंवा नाहीशी झाली पाहिजे. जी चमक प्रत्येक कोनातून सारखीच राहते, ती थरांची नसते. काचेला थर नसतात, हे मला त्या प्रदर्शनापूर्वी कोणी सांगायला हवे होते.

घासणाऱ्या कारागिराचे कौशल्यही येथेच दिसते. मूनस्टोन बहुधा पैलू न पाडता घुमटाच्या आकारात घासतात, ज्याला कॅबोशॉन म्हणतात. घुमटाचा तळ थरांना समांतर राहिला, तर झाक बरोबर माथ्यावर येते. पण कच्च्या दगडाचे वजन वाया जाऊ नये म्हणून पुष्कळदा खडा तिरका घासला जातो आणि झाक एका कडेला चिकटून राहते. असा खडा खराच असतो, पण बोटात घातल्यावर समोरच्या माणसाला तो साधा दुधी दगड वाटतो. माथ्यावर झाक असलेला लहान खडा मी कडेला झाक असलेल्या मोठ्या खड्यापेक्षा केव्हाही पसंत करीन.

पायरी तिसरी: दिव्याखाली पाहणे

दुकानातील ट्यूबलाइट आणि छताला रांगेने लावलेले दिवे या खड्याच्या परीक्षेला निरुपयोगी असतात, कारण चारी बाजूंनी प्रकाश आला की झाकेची हालचाल कळत नाही. खडा शक्य तितक्या कमी उजेडाच्या कोपऱ्यात काळ्या कापडावर किंवा काळ्या कागदावर ठेवावा आणि मोबाइलचा टॉर्च वीतभर उंचीवरून त्यावर धरावा. मग खडा हळूहळू डावीकडे व उजवीकडे कलवावा. तापलेल्या तव्यावर तुपाचा थेंब घरंगळावा तशी ती झाक घुमटावरून सरकताना दिसली पाहिजे. काही खड्यांत ती अरुंद पट्टीसारखी गोळा होते, त्यांना मांजरडोळ्याचा मूनस्टोन म्हणतात. क्वचित चार किरणांचा ताराही दिसतो.

यानंतर टॉर्च खड्याच्या मागे धरून प्रकाश आरपार पाहावा. ओपलाइट काच वरून निळसर दिसते, पण आरपार पाहिल्यावर तिच्यात पिवळसर किंवा नारिंगी छटा येते. सायंकाळी आकाश तांबूस होते त्यामागे जे कारण आहे, तेच येथेही आहे: निळा प्रकाश बाजूला विखुरला जातो आणि सरळ येणाऱ्या प्रकाशात तांबूस भाग उरतो. हा एकच प्रयोग मी त्या दिवशी केला असता तर पैसे वाचले असते.

तिसरा भाग भिंगाचा. सराफ वापरतात ते दहा पटींचे भिंग घ्यावे आणि खड्याच्या आत पाहावे. गोल बुडबुडे दिसले तर ती काच आहे, त्यात शंका घेऊ नये. खऱ्या मूनस्टोनमध्ये मात्र पुष्कळदा एक मध्यरेषा आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक फाटे अशी तडांची आकृती दिसते, जी अगदी गोमेसारखी असते. रत्नपारखी तिला तेच नाव देतात. मराठीत 'यात काहीतरी गोम आहे' असे आपण संशयाने म्हणतो, पण या एका खड्यात गोम सापडली तर ती नैसर्गिकपणाची साक्ष समजावी. अर्थात ती पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली नसावी, कारण ती शेवटी एक तडच आहे. गोम नसलेला स्वच्छ खडाही खरा असू शकतो, म्हणून तिच्या अभावावरून निष्कर्ष काढू नये.

गालाला लावून गारवा पाहण्याची जुनी युक्ती बरेच जण सांगतात. स्फटिक काचेपेक्षा गार लागतो हे तत्त्वतः खरे आहे, पण नागपूरच्या मे महिन्यात दुकानाबाहेर सगळेच दगड सारखे ऊन लागतात. तेव्हा या युक्तीवर मी विसंबत नाही.

पायरी चौथी: वजन आणि पाणी यांची परीक्षा

ही परीक्षा सुट्या खड्यावरच करता येते, बसवलेल्या अंगठीवर नाही. आणि म्हणूनच पहिला खडा नेहमी सुटा घ्यावा, दागिन्यात बसवलेला घेऊ नये. प्रत्येक खनिजाची घनता, म्हणजे त्याच आकारमानाच्या पाण्याच्या तुलनेत त्याचे वजन किती पट आहे हे, बरेचसे ठरलेले असते. मूनस्टोनची घनता सुमारे २.५६ ते २.५९ असते. लॅब्राडोराइटची २.६८ ते २.७२, क्वार्ट्झची २.६५ आणि कारखान्यातील स्पिनेलची सुमारे ३.६४ असते.

यासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. प्रथम खडा कोरडा असताना त्याचे वजन करावे. मग काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली प्लॅस्टिकची वाटी ठेवावी आणि काटा शून्यावर आणावा. खड्याला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला व बाजूंना टेकणार नाही, असा हाताने लटकत धरावा. काट्यावर जे वजन वाढलेले दिसेल, तितक्याच घन सेंटिमीटर जागेचे पाणी खड्याने बाजूला सारले आहे. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. उदाहरणार्थ, खडा ४.१० ग्रॅमचा असेल आणि वाटीचे वजन १.६० ग्रॅमने वाढले, तर भागाकार २.५६ येतो आणि तो मूनस्टोनशी जुळतो. वाढ १.५३ असती तर घनता २.६८ आली असती आणि लॅब्राडोराइटचा विचार करावा लागला असता. स्पिनेल असता तर वाढ जेमतेम १.१३ दिसली असती आणि फरक चटकन लक्षात आला असता.

येथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. खड्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा बिघडवतो, म्हणून खडा आधी साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून घ्यावा. आणि खडा एक ग्रॅमच्या आतला असेल तर काट्याची लहानशी चूकही उत्तर फिरवते, त्यामुळे लहान खड्यांवर ही परीक्षा करू नये. शिवाय घनता जुळली म्हणजे खडा सिद्ध झाला असेही नाही. कॅल्सेडनीची घनता मूनस्टोनच्या फार जवळ असते, मात्र तिची चमक सरकत नाही. तिसरी आणि चौथी पायरी एकत्र वाचली तरच उत्तर मिळते. ओरखडा काढून कठीणपणा तपासण्याची पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी, कारण मोहसच्या मापावर मूनस्टोनचा कठीणपणा ६ ते ६.५ इतकाच असल्याने परीक्षा होईल आणि खडा जाईल.

पायरी पाचवी: आख्यायिका ऐकणे, पण किमतीत न धरणे

या खड्याच्या कथा आपल्या भागाशी इतक्या जवळून जोडलेल्या आहेत की येथे थोडे रेंगाळणे क्षम्य ठरावे. संस्कृत काव्यात सूर्यकांत सूर्याच्या किरणांनी पेटतो आणि चंद्रकांत चंद्राच्या किरणांनी पाझरतो, असा संकेत आहे. कालिदासाच्या मेघदूतात यक्ष मेघाला ज्या अलका नगरीचे वर्णन ऐकवतो, तेथे शयनगृहांत दोऱ्यांना चंद्रकांत मणी लटकलेले आहेत आणि मध्यरात्री ढग बाजूला झाले की त्यांतून जलबिंदू ठिबकून स्त्रियांचा शीण हरतात. हा यक्ष जेथे शापाचे वर्ष काढत होता तो रामगिरी म्हणजे नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे रामटेक, असे मानले जाते.

दुसरा संदर्भ संस्कृत नाटककार भवभूतीचा. उत्तररामचरिताच्या सहाव्या अंकात रामाला समोरचा मुलगा आपलाच आहे हे ठाऊक नसताना त्याच्याविषयी ओढ वाटते. तेव्हा प्रेमाला बाहेरचे कारण लागत नाही, सूर्य उगवला की कमळ उमलते आणि चंद्र उगवला की चंद्रकांत द्रवतो, असा दाखला तेथे येतो. भवभूती स्वतःला पद्मपूरचा म्हणवतो आणि संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे, आजच्या गोंदिया जिल्ह्यातील गाव, असे प्रतिपादन केले आहे. पुढे ज्ञानेश्वरीतही चंद्रकांताच्या द्रवण्याचा दृष्टान्त आला आहे, त्यामुळे मराठी मनाला ही प्रतिमा दागिन्याच्याही आधी परिचित आहे.

प्रत्यक्षात फेल्डस्पारच्या रचनेत पाणी नसते, तेव्हा त्यातून पाणी पाझरण्याचा प्रश्न येत नाही. माझा तर्क असा, की शरदातल्या निरभ्र रात्री उघड्यावर ठेवलेला गुळगुळीत दगड लवकर गार होतो आणि त्यावर दव जमते. हेच दव पाहून कवींनी हा संकेत रचला असावा. प्राचीन वर्णनांतील चंद्रकांत म्हणजे हाच फेल्डस्पार होता असेही खात्रीने म्हणता येत नाही, कारण त्या वर्णनांत मण्याचे परिणाम आहेत, पारख नाही.

कोजागिरीला गच्चीवर आटीव दुधासोबत मूनस्टोनही चांदण्यात ठेवण्याची हौस आमच्या घरी एकदा झाली होती. सर्वांची थोडी निराशाच झाली. पौर्णिमेचा उजेड एक लक्सपेक्षाही (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) कमी असतो आणि इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. त्यामुळे जी निळी झाक टॉर्चखाली डोळे दिपवते, ती चंद्राखाली जेमतेम राखाडी दिसते. चंद्राच्या नावाचा हा खडा चंद्रापेक्षा दिव्याखालीच अधिक खुलतो, हे ज्यांना आख्यायिका प्रिय आहेत त्यांनी आधीच माहीत करून घ्यावे.

इतर देशांतल्या समजुती थोडक्यात सांगतो. रोमन लोक हा खडा म्हणजे गोठलेले चंद्रकिरण असे मानत. पाश्चात्त्य प्रथेत तो मोती आणि अलेक्झांड्राइट यांच्यासह जून महिन्याचा जन्मखडा आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने चंद्रावरील मोहिमांच्या गौरवार्थ १९७० मध्ये त्याला राज्यरत्न ठरवले, आणि मौज अशी की तो फ्लोरिडात नैसर्गिकरीत्या सापडतच नाही.

ज्योतिषाच्या दृष्टीने पाहता, नवरत्नांत मूनस्टोनला स्थान नाही. चंद्राचे रत्न मोती आहे आणि मूनस्टोन त्याचे उपरत्न समजले जाते. तो चांदीत बसवून शुक्ल पक्षातील सोमवारी कनिष्ठिकेत घालावा, मन शांत राहते, झोप लागते, असे सांगितले जाते. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती जपावी. मात्र झोपेच्या किंवा मनाच्या त्रासावर हा खडा उपचार ठरतो, असा पुरावा नाही आणि त्यासाठी डॉक्टरांकडेच जावे. ग्राहक म्हणून एक व्यवहार पाळावा: 'सिद्ध केलेला' किंवा 'अभिमंत्रित' खडा सांगितला गेला, तर खड्याची किंमत आणि विधीची दक्षिणा वेगवेगळी लिहून मागावी. दोन्ही एकत्र सांगितल्या की नेमके कशाचे पैसे दिले ते कधीच कळत नाही.

पायरी सहावी: दुकानात विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न खनिजाच्या नावाचा असावा: हा ऑर्थोक्लेज मूनस्टोन आहे की लॅब्राडोराइट? ज्या दुकानदाराला या प्रश्नाचे उत्तर येते, त्याच्याकडे पुढे बोलणे सोपे जाते. दुसरा प्रश्न संस्काराचा: खड्याच्या मागे काळा लेप किंवा रंगाचा थर दिला आहे का, तडा राळेने भरल्या आहेत का? रेनबो खड्यांचा रंग उठून दिसावा म्हणून मागची बाजू काळी करण्याची पद्धत आहे. ती सांगून केली तर हरकत नाही, लपवून केली तर आहे.

वजनाच्या बाबतीत रत्तीचा भाव ऐकून गोंधळू नये. रत्ती सर्वत्र एकच नसते. कच्ची आणि पक्की असे प्रकार दुकानागणिक बदलतात. कॅरेट मात्र जगभर २०० मिलिग्रॅमचाच असतो, म्हणून भाव कॅरेटने सांगावा असा आग्रह धरावा आणि वजन आपल्यासमोर करून घ्यावे. खडा मोठा व महाग असेल तर मुंबई किंवा जयपूर येथील रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. त्यात खनिजाचे नाव, घनता, अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते दाखवणारा आकडा) आणि संस्कारांविषयीचा शेरा या चार गोष्टी वाचाव्यात. मूनस्टोनचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास असतो. साध्या लहान खड्याला अहवालाचे शुल्क खड्यापेक्षाही जास्त पडू शकते, तेथे पक्के बिल पुरेसे आहे. मात्र त्या बिलावर केवळ 'स्टोन' असे न लिहिता 'नैसर्गिक मूनस्टोन' असे लिहून घ्यावे.

किंमत ठरवताना माझा क्रम असा असतो: प्रथम झाकेचा रंग आणि तिची जागा, मग अंगाचा स्वच्छपणा, आणि आकार सर्वांत शेवटी. रंगहीन अंग, माथ्यावर निळी झाक आणि नजरेला न खुपणारी गोम असा खडा सर्वांत मौल्यवान असतो.

पायरी सातवी: कोंदण निवडणे

मूनस्टोनला जवळजवळ काटकोनात छेदणाऱ्या दोन दिशांना सहज फुटण्याची खोड असते. म्हणून अंगठी करायची असेल तर खड्याच्या चारी कडा धातूने वेढणारे बंद कोंदण घ्यावे. चार नख्यांवर उभा केलेला खडा दाराला किंवा दुचाकीच्या हँडलला आपटला की कडेने उडतो. पदक किंवा कानातले घेतले तर हा धोका बराच कमी होतो, आणि नवख्याला मी तेच सुचवतो. कोंदणाची मागची बाजू उघडी ठेवायला सांगावी, म्हणजे पुढे कधीही खडा आरपार तपासता येतो. चांदी ९२५ शुद्धतेची घ्यावी. बसवताना कारागिराने खड्याजवळ झाळ लावू नये, हे आधीच सांगावे. झाळकाम आधी आणि खडा शेवटी, हाच योग्य क्रम आहे.

पायरी आठवी: नागपूरच्या हवेत निगा राखणे

पारा ४५ अंशांपुढे गेला म्हणून मूनस्टोन बिघडत नाही. त्याला सोसत नाही तो अचानक होणारा बदल. दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत अंगठी विसरली असेल तर ती लगेच थंड पाण्याखाली धरू नये, घरात आपोआप निवू द्यावी, अन्यथा आतल्या गोमेची तड लांबत जाते. याच कारणाने अल्ट्रासोनिक यंत्रात किंवा वाफेच्या झोताखाली खडा स्वच्छ करू नये, आणि चांदी उजळायला देताना हे सांगायला विसरू नये.

दुसरा शत्रू धूळ आहे. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झचा कठीणपणा ७, म्हणजे मूनस्टोनपेक्षा अधिक. कोरड्या फडक्याने किंवा पदराने खडा पुसण्याची सवय त्याला काही महिन्यांत मंद करते. आधी कोमट पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरावा आणि शेवटी सुती कापडाने टिपून घ्यावे. राखेने किंवा दंतमंजनाने चांदी घासण्याची जुनी पद्धत या दागिन्यापुरती सोडून द्यावी. भांडी घासताना, धुळवडीला आणि व्यायाम करताना अंगठी काढून ठेवावी. ठेवतानाही हिरा, माणिक, नीलम यांच्यासोबत एका डबीत न ठेवता वेगळ्या कापडी पिशवीत ठेवावी.

इतके करूनही घुमट ओरखड्यांनी धूसर झाला, तर खडा टाकून देण्याचे कारण नाही. कोंदणातून सोडवून तो पुन्हा घासून घेता येतो आणि थोडे वजन घटले तरी झाक परत येते, कारण ती पृष्ठभागाची नसून आतल्या थरांची असते. मात्र तळाची पातळी बदलू नये, केवळ वरचा घुमट उजळावा, असे कारागिराला स्पष्ट सांगावे. आणि खडा परत घेताना तोच काळा कागद व टॉर्च सोबत न्यावा.